माळ, खीर आणि उसाचा रस

६ एप्रिल

कावीळ! रिपोर्ट आला. आठवडाभर मी अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या चघळत होते आणि हे निघालं! कंपनीच्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, तीन आठवडे घरी." चाकणहून रावेतपर्यंत कंपनीची गाडी एकट्या माझ्यासाठी सोडली. इतकी वर्षं क्वालिटीत राबतेय, एवढा मान कधी मिळाला नव्हता. त्यासाठी पिवळं व्हावं लागलं!

डॉक्टरांनी समजावून सांगितलं — ही पाण्यातून होते. औषध असं काही नाही. आराम करा, पाणी उकळून प्या, हात धुवा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं त्यातलं एकच वाक्य धरलं — "बघा, डॉक्टरकडं औषधच नाही!"

घरात तर आरओचं पाणी. मग पाण्यातून झाली कुठनं?

७ एप्रिल

हळद बंद! पिवळ्याला पिवळं चालत नाही म्हणे. आज ताटात पांढरं वरण, पांढरी भाजी, पांढरा भात. बाबांनी सगळं आयुष्य कारखान्यात आणि अंधश्रद्धेशी भांडण्यात घालवलं. त्यांना विचारलं, हळदीचं काय? म्हणाले, "त्यात शास्त्र हाय." कुठलं शास्त्र? "हाय काहीतरी. गप जेव."

फोन चालूच. लाइनवरचा रविराज चिपळूणचा. त्याच्या गावी एक बाई नाकात कसलासा रस सोडते, नाकातून पिवळं पाणी गळतं, तीन दिवसांत माणूस खडखडीत. आमचा बिहारी ऑपरेटर म्हणाला, चुन्याच्या पाण्यात हात धुवा दीदी, पाणी पिवळं होईल, कावीळ बाहेर. एचआरची मॅडम म्हणाली, मुळ्याचा पाला. आजार माझा एकटीचा, पण मतं अख्ख्या कंपनीची!

९ एप्रिल

आज जरा वाईट झालं.

समोरच्या कुसुमकाकू आल्या. आमची पिंपरीच्या चाळीपासूनची शेजारीण. बाबा आणि लक्ष्मणकाका एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. रावेतला फ्लॅट घेतले तेही ठरवून समोरासमोर. मी आणि त्यांची करिष्मा एकच दप्तर घेऊन शाळेत गेलो म्हटलं तरी चालेल.

काकूंनी रुमालातून एक माळ काढली. कसल्यातरी मुळ्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवलेले. लातूरकडच्या त्यांच्या गावाहून खास मागवलेली. भावानं एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली आणि काका पहाटे जाऊन शिवाजीनगरहून घेऊन आले. माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरत जाईल तशी माळ आपोआप लांब होते — खांद्यावर, कमरेवर, मग पायात गळून पडते.

बाबा उठून उभेच राहिले. "कुसुमताई, पोरीवर जीव हाय तुमचा, कबूल. पण या घरात गंडादोरा चालत न्हाई. आमी शपथ घेतलीया."

"अवो, देवाचं न्हाई ओ हे. झाडपाल्याचं हाय."

"मग वाटून द्या, पिईल ती. डोक्यावर ठिवून लिव्हर कसं बरं व्हईल?"

मला हसू आलं. खरंच आलं, आवरलंच नाही. काकूंनी माळ पुन्हा रुमालात बांधली. गाठ मारायला उगाच वेळ लावला. आई म्हणाली, बस गं, चहा घे. "नको. कूकर लावलाय," म्हणाल्या आणि गेल्या.

बाबांचं चुकलं नाही. माझंही नाही. तरी दिवसभर तोंड कडू आहे. ते काविळीनं असेल.

११ एप्रिल

एका गोष्टीवर मात्र सगळ्या दुनियेचं एकमत — उसाचा रस! डॉक्टर म्हणतात चालेल, आई म्हणते हवाच, रविराज म्हणतो दोन वेळा. गेटजवळ ज्योतीरामची रसवंती आहे. होळीला लागली. तेव्हापासून मी रोज कंपनीच्या बसमधून उतरले की एक ग्लास मारूनच वर यायचे. आता बाबा आणून देतात. ज्योतीराम माझ्या रसाचे पैसे घेत नाही. "आजारी माणसाचं कशाला, काका." बीडकडचा आहे, भला माणूस.

लक्ष्मणकाका सोसायटीचे चेअरमन. त्यांनीच त्याला जागा दिली, बागेच्या नळाला निळा पाइप जोडून दिला. बाल्कनीतून सगळं दिसतं. दिवसभर दुसरा उद्योग काय मला! ज्योतीराम टपात पाणी सोडतो, त्यात ऊस धुतो, ग्लास विसळतो, समोर सडा मारतो. छान गार दिसतं वरून.

१४ एप्रिल

जयंती! आणि मी गादीवर. पिंपरीच्या बाजूनं सकाळपासून ढोल-ताशा ऐकू येतोय. बाबा पांढरे कपडे, निळा फेटा घालून गेले. आईनं दारात पंचशील झेंडा लावला. मी बाल्कनीत बसून दोन तास रडले — अशक्तपणानं, बाकी काही नाही.

दुपारी करिष्मा आली. सातवा महिना, बाळंतपणासाठी माहेरी. टॅक्सीतून उतरताना वर बघून हात हलवला. केवढं पोट! मी ओरडले, "जुळी आहेत काय गं?" तिनं खालूनच चप्पल दाखवली. लिफ्ट सातव्यावर थांबल्याचा आवाज आला. समोरचं दार उघडलं, लागलं. मला वाटलं आमची बेल वाजेल.

१५ एप्रिल

करिष्माचा मेसेज — "आई म्हणते तुझ्या घरी यायचं नाही. चिडू नको मिने. बाळासाठी."

नाही चिडले. पोटुशी आहे, जपायलाच पाहिजे.

२० एप्रिल

काकू करिष्माला सकाळ-संध्याकाळ रस पाजतात. का? तर कावीळ लागू नये म्हणून! आजाऱ्यानं बरं व्हायला प्यायचा आणि बऱ्यानं आजारी पडू नये म्हणून प्यायचा. ज्योतीरामचं बरं चाललंय.

आज संध्याकाळी बागेत पाणी सोडलं तर वर सातव्या मजल्यापर्यंत घाण वास. बाबा म्हणाले, बागेला येतं ते मैलापाणी शुद्ध करायचं मशीन दोन महिने बंदच आहे, लाइटबिल वाचवायला. झाडांना काय, खतच मिळतंय!

३ मे

कामावर हजर. डोळे पांढरे, पण पाय कापसाचे. रविराजनं विचारलं, नाकातला रस घेतलास ना? म्हटलं, नाही. "मग बरी कशी झालीस?" तोंड बघण्यासारखं होतं त्याचं.

सोसायटीत आणखी तिघांना कावीळ. बी विंगमधल्या एका मुलाला, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना आणि वॉचमनला. तिघांचाही रस जोरात चालू आहे.

७ मे

लिफ्टमध्ये शिरले. आतल्या दोघी बाहेर पडल्या. "तुम्ही जा, आम्ही येतो मागून." मागून कशाला? लिफ्टमध्ये मावतात सहा माणसं!

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई आजपासून येणार नाही. तिला बाकीच्या घरांनी सांगितलं — तिकडं जायचं तर आमच्याकडं येऊ नको. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, "सातव्या मजल्यावरून सुरुवात झाली." नाव नाही घातलं. सातव्या मजल्यावर घरं चार, पण सगळ्यांना बरोबर कळलं!

मी ग्रुपवर टाकलं की ही कावीळ पाण्यातून होते, माणसाला हात लावून नाही, टाकीचं पाणी तपासून घ्या. काकांनी लिहिलं, "टाकी मार्चमध्येच धुतली आहे. अफवा पसरवू नयेत." खाली सतरा अंगठे!

१२ मे

बुद्धपौर्णिमा. आईनं पहाटे उठून खीर केली. आईची खीर कायम अगोड. बाबांच्या शुगरमुळं साखर हात आखडूनच पडते. ज्यानं खाल्ली त्याला माहीत आहे. रविराज तर पौर्णिमेला डब्यात साखरेची पुडी घेऊनच येतो.

दरवर्षी आमच्या मजल्यावर वाट्या जातात. आई निघाली तेव्हा मी म्हटलं, या वर्षी राहू दे. "का? आपण काय पाप केलंय?" म्हणाली आणि गेली.

एका घरानं दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. दुसऱ्या घरी उपवास निघाला. कुसुमकाकूंनी मात्र वाटी घेतली. दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "कस्तुरा, तुझी खीर म्हंजे वर्षाची वाट बघायची बघ." आई खुशीत परत आली. मला म्हणाली, "बघ, कुसुम आपलीच आहे. तू उगाच राग धरून बसलीस."

१३ मे

सकाळी कंपनीत निघाले. समोरच्या दाराशी ओल्या कचऱ्याची हिरवी बादली. झाकण अर्धवट, मुंग्यांची रांग. आईनं बारीक चिरलेले बदाम ओळखायला मला काही वेळ लागला नाही.

मी झाकण नीट लावलं. आईला दिसता कामा नये.

दिवसभर लाइनवर उभी राहून एकच विचार. ही काविळीची भीती आहे, की ते जुनं? काविळीची असेल तर मी समजू शकते. अडाणीपणा आहे, पण भीतीच आहे. पण मग आठवायला लागले. चाळीत काकू आमच्याकडे बसायच्या, गप्पा मारायच्या, माझ्या वेण्या घालायच्या. खीर दरवर्षी घ्यायच्या — घरी न्यायच्या. वाटी दुसऱ्या दिवशी घासून, लखलखीत परत. खाताना कधी पाहिलं मी त्यांना? एकदा तरी? चहासुद्धा "आत्ताच झाला." पाणी "नको, तहान नाही." एवढ्या वर्षांत एकदाही तहान लागली नाही?

आठवतच नाही. आठवलं असतं तर बरं वाटलं असतं.

आईला सांगणार नाही. कधीच नाही.

१८ मे

भांडले! लिफ्टपाशी, सगळ्यांसमोर.

काकू हातात रसाचा जग घेऊन येत होत्या. मला बघून पदर नाकाला लावला. माझा संयमच सुटला. "काकू, मी बरी झालेय. आणि पदरानं कावीळ अडत नसते."

"तुझ्या बापाला लई अक्कल हाय ना, त्यालाच विचार," म्हणाल्या. "माझा भाऊ त्या माळीसाठी एक दिवस उपाशी रानात फिरला. तुमी हसलाव! मी काय विष आणलं होतं का? तवा माझं मन मोडलं, ते कुणाला दिसलं का?"

 हे खरं होतं, मी हसले होते. पण मग म्हटलं, "आम्ही तोंडावर नको म्हटलं, काकू. घेऊन, कपाळाला लावून, बादलीत नाही टाकलं."

त्यांचा चेहरा उतरला. जगमधला रस हिंदकळला. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी करिष्माचा मेसेज, "काय बोललीस आईला? रडतेय ती." मी उत्तर दिलं नाही. रडू दे! आमच्याकडे पण डोळे आहेत.

२३ मे

सापडलं! सापडलं!

संध्याकाळी बाल्कनीत कपडे काढत होते. तोच तो घाण वास. खाली बघितलं तर माळ्यानं बागेचा नळ सोडलेला. त्याच नळाला फाटा. फाट्याला निळा पाइप. पाइपाचं तोंड ज्योतीरामच्या टपात. टपात ऊस!

महिनाभर हे रोज बघत होते मी! कंपनीत पार्ट खराब निघाला की आम्ही मागं मागं जातो — कुठल्या मशीनवर झाला, का झाला, त्याच्या आधी काय झालं. चार मायक्रॉनचा फरक पकडते मी आणि हा एवढा मोठा पाइप दिसला नाही! अख्ख्या सोसायटीचा संडास त्या नळात. मशीन बंद. त्यात ऊस धुवायचा, ग्लास विसळायचे, आणि कावीळ झाली की तोच रस दुप्पट प्यायचा. जेवढी कावीळ तेवढा रस. जेवढा रस तेवढी कावीळ!

आणि करिष्मा. सकाळ-संध्याकाळ.

समोरची बेल वाजवली. उघडलं नाही. फोन केला. "करिष्मा, रस बंद कर, आत्ताच्या आत्ता." ती म्हणाली, "तुझं काय चाललंय मिनल? आता रसावर पण राग का?" मिने नाही म्हणाली. मिनल म्हणाली.

मग मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पोटुशी असेल तर ही कावीळ साधी समजू नका. शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते. पिवळेपणा दिसला की तासभरही थांबायचं नाही."

२४ मे

आईची सुरी घेऊन खाली गेले आणि पाइप कापला. भर दिवसा, शनिवारची गर्दी असताना. तीन ठिकाणी कापला, म्हणजे कुणी जोडायला नको.

ज्योतीराम धावत आला. "ताई, काय केलं ओ! माझं पोट हाय त्याच्यावर!" मी त्याला हाताला धरून नळापाशी नेलं. बोगनवेलीत दडलेली पाटी वर काढली — पिण्यास अयोग्य. तो बघतच राहिला. "मला कुणी सांगितलंच न्हाई ताई. सायबांनी म्हटलं, हितून घे." मग मटकन खाली बसला. "माझी पोरं पण तोच पितेत ओ."

गर्दी जमली. गरिबाच्या पोटावर पाय दिला म्हणे मी! एवढा कळवळा रसाच्या पैशांची घासाघीस करताना नव्हता. लक्ष्मणकाका आले. "मिनल, सोसायटीची मालमत्ता आहे ती. दंड लागेल."

"लावा दंड. पाणी संडासाचं आहे, काका. मशीन तुम्ही बंद ठेवलंय. पाटी तुम्हाला माहीत होती."

"धुवायलाच तर दिलं होतं. रसात थोडंच घालतो तो?" काका म्हणाले. खरंच त्यांना तसंच वाटत होतं. मी म्हटलं, "करिष्मा रोज दोन वेळा पितेय." तेव्हा त्यांनी पाइपाकडं बघितलं. मग टपाकडं. मग वर, सातव्या मजल्याकडं. तसेच वळून निघून गेले.

नळाचं पाणी बाटलीत भरून तपासायला दिलं. ज्योतीरामला बाबांनी पिण्याच्या पाण्याचे जार आणून दिले. तो म्हणाला, आता कोण पिणार माझा रस?

२६ मे

ग्रुपवर माझ्या नावानं शिमगा चालू आहे. "काही लोकांना फ्लॅट मिळाला तरी राहायचं कसं ते कळत नाही." काही लोक! मी खाली लिहिलं — "काही लोकांचं नाव मिनल आहे. फ्लॅट ७०३. समोर येऊन बोला."

कुणी आलं नाही.

२८ मे

दुपारी लाइनवर असताना करिष्माचा फोन. आवाजच ओळखू येईना. "मिने... ये ना. डोळे बघ माझे."

हाफ डे टाकला. रिक्षात बसून दवाखान्याला फोन लावला, रक्त तयार ठेवायला सांगितलं, बाबांना गाडी बघायला सांगितलं. वर आले. बेल वाजवायच्या आधीच लक्ष्मणकाकांनी दार उघडलं. माझ्याकडं बघितलं नाही. नुसते बाजूला झाले.

करिष्मा पलंगावर. हळदीच्या अंगाची नवरी दिसावी तशी, नखांपर्यंत. बोलताना मध्येच विसरत होती. आणि डोक्यावर ती माळ! माझ्यासाठी आणलेलीच.

काकू आडव्या आल्या. "आठ दिवस माळ राहू दे, मग बघू. तूच म्हणली होतीस ना, दवाखान्यात औषध न्हाई म्हणून! तू बरीच झालीस की घरी पडून!"

मी आईला सांगितलेलं वाक्य फिरून माझ्याच तोंडावर. पण आज मला ऐकून घ्यायचंच नव्हतं. "माझ्यात नि तिच्यात फरक आहे, काकू. मी एकटी होते. ही दोघं आहेत. आठ दिवस नाही, आपल्याकडं आठ तास आहेत की नाही ते माहीत नाही मला."

"माळ काढायची न्हाई!" काकू किंचाळल्या.

"नका काढू! माळ घालून चला! पाहिजे तर आणखी चार घाला, पण चला!"

तेवढ्यात बाबा मागून आत आले. मला वाटलं आता हे माळेवरून सुरू करणार. बाबांनी करिष्माची पिशवी उचलली आणि म्हणाले, "कुसुमताई, माळ राहू द्या डोक्यावर. भांडण नंतर. पोरगी आधी."

काकूंच्या हातातून दाराची कडी सुटली. बाबांच्या मागोमाग आलेल्या आईनं त्यांच्या पायात चपला घातल्या, लहान मुलाला घालतात तशा.

२९ मे

आयसीयू. नर्सनं माळ काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पहिल्या दिसलेल्या माणसाच्या हातात दिली. ते बाबा होते. बाबांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली. दिवसभर तिथंच होती. संध्याकाळी दोन्ही हातांनी काकूंना परत दिली. "जशीच्या तशी हाय, बघून घ्या."

डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशिरा आणली असती तर मला काही करता आलं नसतं. काकूंसमोर म्हणाले.

३१ मे

पाण्याचा रिपोर्ट. मैला. ग्रुपवर टाकला. अंगठे शून्य.

२ जून

मुलगी! दिवस भरायच्या आधीच. काचेच्या पेटीत आहे, मूठभर. ओरडते मात्र अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी. शाब्बास!

करिष्मा अजून शुद्धीत येते, जाते.

५ जून

करिष्मानं मला ओळखलं. "मिने, जुळी होती काय गं?" म्हणाली. मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

काकांनी चेअरमनपद सोडलं. मशीन चालू झालं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सर्वांच्या सहकार्यानं प्रश्न सुटला." सर्वांच्या!! सुरी कुठाय माझी?

११ जून

करिष्माच्या तोंडाला चव नाही. म्हणाली, कस्तुरामावशीची खीर खावीशी वाटते. काकू सकाळी आमच्या दारात आल्या. हातात रिकामा डबा. आत येऊ की नको, असं करत उंबऱ्यातच उभ्या. आईनं दूध उकळत ठेवलं.  खीर झाली, डबा भरला, झाकण लावून बाजूला ठेवला. मग एक वाटी भरून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली.

"करिष्माची डब्यात घातलीय. तुझी इथं बसून खा, कुसुम."

मी आईकडं बघतच राहिले. बादलीचं मी तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

काकू बसल्या.  एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला. मग डोळे पुसत, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "कस्तुरा, आज साखर कमी पडली का गं?"

आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"दरवर्षी एवढीच असते."